नववी ब, शब्दार्थ

रोवण्याचे दिवस. अर्धा वर्ग चिखलात.
उरलेल्या सतरा जणांसाठी फळ्यावर लिहिलं: एस्टॅब्लिश.
क्रियापद. सकर्मक. स्थापना करणे.
उदाहरण पुस्तकातलंच दिलं,
अमक्या साली अमक्यांनी शाळा स्थापन केली,
आणि पोरांनी माना खाली घालून उतरवलं.

त्रिवेणी मारबते उभी राहिली.
"सर, हा शब्द आमच्या घरी आला आहे."

शब्द घरी कसा येतो, विचारणार होतो,
तोवर तिनं वहीतून पाकीट काढलं,
खाकी, तालुक्याचा शिक्का,
घड्या पडून पडून फडक्यासारखं मऊ.
पत्र मराठीच होतं, पण समासात
साहेबाच्या हातचा एक इंग्रजी शेरा:
दावेदार तीन पिढ्यांचं वास्तव्य
एस्टॅब्लिश करू शकलेले नाहीत.

वर्गानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे.
फळ्यावरचा अर्थ उचलून तिथं बसवला
तर मारबत्यांनी राहायला सुरुवातच केली नव्हती.
"म्हनजे आमी राहतच नाही का जी?"
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

मी खाली दुसरा अर्थ लिहिला:
सिद्ध करणे. शाबीत करणे.
खेमराजनं वहीत उतरवलं, शाबूत करणे.
ते मी खोडलं नाही.

ज्यानं मांडलं, त्यानंच ते मांडल्याचं दाखवायचं,
दोन्ही कामं एकाच क्रियापदाकडे.
काटकसरी भाषा आहे.
माझंही कायमपणाचं पत्र सात वर्षं
जिल्ह्याच्या आस्थापना शाखेत पडून आहे,
तिथला 'आ' कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.
बिसन मारबते पाळीवर जाळं उसवत बसलेले.
त्यांनी बोडी दाखवली, आजाच्या बापानं खोदलेली,
मग एक चपटा दगड,
ज्यावर घरातल्या बायांनी मासळी कापली,
कापली, कापली, आणि मधोमध खाच पडली.
"पाहनीवाल्यालेबी दाखोली.
त्यानं टेप लावला. तीन बोटं भरली.
मंग म्हने, हे कोनत्या रकान्यात लिहू?"

त्रिवेणीनं विचारलं, अजून अर्थ आहे का सर, त्या शब्दाचा?
होता. कोशात अगदी शेवटी, बारीक टायपात:
लावलेलं रोप नव्या जागी मूळ धरतं, ते.
बिसनजींनी जाळं खाली ठेवलं.
"रोवना लागला का नाही, कसं पायतेत मास्तर?"

मी कपाशीच्या मुलखातला. म्हणालो,
एखादं उपटून बघत असतील.

ते हसले नाहीत. पाण्याकडे पाहत राहिले.
"उपटून पाहाल तं लागला असन तरी मरन.
आधी पिवरा पडते. वाटते, गेला.
मंग एक दिवस हिरवा दिसते.
तवरिक हात नाही लावाचा."

अपिलाचा फॉर्म मी भरून दिला.
पुराव्यासाठी तीन ओळी होत्या.
दगड पहिल्या ओळीत लिहिला,
खाच दुसरीत,
आणि तिसरीत काय लिहावं हे न सुचून
बोडीतल्या माशांची नावं लिहिली, जितकी ते सांगत गेले तितकी,
बोटरी, मरळ, दाडक, वाघूर,
अक्षर लहान लहान होत समासात गेलं,
जिथं साहेबानं लिहिलं होतं, साधारण तिथंच.

शनिवारी चाचणी. शब्द वाक्यात वापरा.
सोळा जणांनी शाळा स्थापन केली.
त्रिवेणीनं लिहिलं होतं:
दगड आम्हांला एस्टॅब्लिश करतो.
इंग्रजीत 'द' राहिला होता, क्रियापदाचा 'एस'ही.
लाल पेनाचं टोपण काढलं,
बराच वेळ तसाच बसलो.

साठ दिवसांची मुदत आहे.
आज तेरावा.